घरचा का धंद्याचा?

हसुरामनानांच्या कॉम्प्युटरवर कुठलंही नवं सॉफ्टवेअर चढवायचं म्हटलं की त्यातलं एक काम माझ्या अखत्यारीत नसे. वायरी मी जोडायच्या, सीडी मी घालायची, धूळ मी झाडायची. पण ज्या पडद्यावर इंग्रजी अटींचं लांबलचक भेंडोळं येतं आणि खाली ‘मान्य आहे’, ‘मान्य नाही’ अशी दोन बटणं असतात, तो पडदा आला की मी खुर्चीवरून उठायचं. मग नाना दाराशी चपला काढणार, पँटीला हात पुसणार, खुर्चीत ताठ बसणार आणि सोन्याची जाड अंगठी घातलेल्या बोटाने माऊसचं बटण दाबणार. साखरपुड्यात मुलीच्या बापानं होकार द्यावा, तसा हा सगळा प्रकार चाले.

पहिल्यांदा मी त्यांना न विचारता बटण दाबायला निघालो होतो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं. “डाक्टर, यो मालकाला इचारतंय. तू मालक हाय? नाय ना? मंग तू कसा ‘हो’ बोलशील?”

मी पनवेलला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. नानांनी मला पहिल्या दिवशीच डॉक्टर करून टाकलं होतं आणि तशी पदवी दुसऱ्या कुणी दिली नसल्याने मीही ती परत केली नाही. मी त्यांना समजावलं की नाना, हे जगात कुणी वाचत नाही, सगळे डोळे मिटून दाबतात.

“वाचत नसतील. पन त्यो इचारतंय ना?” नाना म्हणाले. “बँकवाला मना कवा इचारतो? फुली मारलीय तिथं सही कर बोलतो. येवरी इज्जत मना कोन देत नाय.”

तेव्हापासून आमचा रिवाज ठरला. ते विचारायचे, “काय बोलतंय?” मी त्या भेंडोळ्याचा एका वाक्यात सारांश सांगायचा आणि मग नानांचं बोट. एका अँटीव्हायरसच्या वेळी तर त्यांनी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आतून गूळ आणायला लावला होता.

नानांचा वजनकाटा पनवेलहून तळोज्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. जमिनीलगत एक लोखंडी फलाट, त्यावर ट्रक उभा राहायचा, शेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर वजन उमटायचं आणि पावती छापून बाहेर यायची. नानांची भातशेती सरकारी भूसंपादनात गेली होती. भाऊबंदांनी आलेल्या पैशातून बंगले बांधले, चाळी काढल्या, गाड्या घेतल्या आणि त्यांतल्या काही जणांनी सगळं उडवलंही. नानांनी रस्त्याकडेच्या उरलेल्या पट्टीवर काटा टाकला. मागेच त्यांचं घर. रविवारी ट्रक नसले की काकी त्या फलाटावर करंजा बंदरावरून आणलेली सुकट वाळत घालायच्या, आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर नाक मुरडत खाली उतरायचा.

काट्यावर दराची पाटी नव्हती. ट्रक फलाटावर चढला की नाना खिडकीतून डोकं बाहेर काढून एकच प्रश्न विचारायचे, “घरचा का धंद्याचा?” गावातल्या कुणाच्या घराची रेती असेल, गुरांचा पेंढा असेल, लग्नाची भांडी असतील, तर ते घरचं. त्याला पैसा नाही. व्यापाराचा माल असेल तर धंद्याचं, त्याला रीतसर पैसे, मग तो सख्खा भाऊ का असेना. स्वतःच्या चाळीच्या विटा आणल्या तेव्हा नानांनी खिडकीतून स्वतःलाच तो प्रश्न विचारला. चाळ भाड्याने द्यायची होती, म्हणजे धंदा. त्यांनी खिशातून पैसे काढून गल्ल्यात टाकले आणि स्वतःच्या नावाची पावती फाडली. मी हसलो, तर म्हणाले, “हसतोस काय? भारेकरू भारा देनार हाय ना?”

त्यांचा चुलतभाऊ पांडू भंगाराच्या धंद्यात होता. एकदा तो टेम्पो घेऊन आला आणि नानांनी विचारायच्या आतच ओरडला, “घरचाच हाय!” टेम्पोवर ताडपत्री होती. नाना केबिनमधून उतरले, ताडपत्री उचलून आत डोकावले. कारखान्यातली रिकामी पिंपं आणि सळ्या.

“घरचा?” नाना म्हणाले. “तुझ्या घरान पिंपा जेवतान काय रं?”

पांडू हसायला लागला. नाना हसले नाहीत. “फुकट पायजेल तर माग, मी देतो. नाय कवा बोललो? पन घरचा बोलून धंदा तोलाचा नाय.” आणि टेम्पो न तोलता काट्यावरून खाली उतरवला. आठवड्याने त्याच पांडूच्या मुलीच्या हळदीला नाना सगळ्यांच्या आधी मांडवात हजर होते. त्यांचा राग पांडूवर नव्हताच, पांडूने वापरलेल्या शब्दावर होता.

मग एका वर्षी, दोन हजार दहाच्या आसपास, काट्यावरचा कॉम्प्युटर वारला. तळोज्याच्या हवेनं बायकांची चांदीची पैंजणं काळी पडतात, तिथे मदरबोर्ड किती तग धरणार? नवा कॉम्प्युटर आणला, तर त्याने काट्याचा जुना प्रोग्राम चालवायला साफ नकार दिला. तो प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ कधीच आखाती देशात निघून गेला होता आणि त्याचा प्रोग्राम फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चाले. त्या सिस्टिमची विकत घेतलेली सीडी मात्र नानांनी खोक्यासकट देवघराच्या फळीवर ठेवली होती, म्हणून आमचं निभावलं.

मी त्यांना उपाय सांगितला. एक असं सॉफ्टवेअर मिळतं, की ते नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार करतं. त्या खोट्याला वाटतं की आपण खरेच आहोत. त्याच्यात तुमची जुनी सिस्टिम घालू, तिच्यात जुना प्रोग्राम, आणि काटा पूर्वीसारखा सुरू होईल.

“म्हंजे पोटभारेकरू!” नाना म्हणाले. “घर नव्याचा, आन आतल्या खोलीन जुना बिऱ्हाड.”

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. व्हर्च्युअल मशीनची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव पोटभाडेकरूच पडलं. “डाक्टर, पोटभारेकरू आज उठलाच नाय,” असा फोन आला की मी स्कूटर काढायचो.

तर, सॉफ्टवेअर चढवताना तो पडदा आला. मी उठलो. नानांनी चपला काढल्या.

“काय बोलतंय?”

“पर्सनल वापरासाठी फुकट आहे, असं म्हणतंय. धंद्यासाठी वापरायचं तर लायसन्स विकत घ्यायला लागेल. नाना, आपला काटा हा धंदा आहे.”

“पर्सनल?” नाना थबकले. मग त्यांचा चेहरा उजळला. “आरं, काटाच पर्सनल लोनवर उभा हाय! बँकेनं पन पर्सनल बोलूनच दिला. बँकेला चालतंय, मंग याला काय होतंय?”

“नाना, ते पर्सनल वेगळं, हे वेगळं. घरच्या कामाला वापरलं तर फुकट.”

“मंग घरचाच हाय ना. मागं घर, फुडं काटा.” आणि त्यांनी बोट लावलं. मी दोनदा सांगितलं होतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या मुलाने, नरेशने, सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. घरमालकाने होकार दिल्यावर डॉक्टर काय करणार?

पोटभाडेकरू काही वर्षं सुखाने नांदला. मग हायवेच्या बाजूला एक नवा काटा आला. काचेचं दार, एसी केबिन, ड्रायव्हरला थंड पाण्याचा कूलर. ट्रक तिकडे वळायला लागले. नानांच्या फलाटावर सुकट आता आठवडाभर वाळायला लागली. नरेशच्या डोक्यात एक बिल्डर होता. तो म्हणायचा, “बाबा, इका आता. लोखंड राखीत बसून काय करनार?” नाना त्याला उत्तर देत नसत. ज्या मातीत भात पिकवला तिची ती शेवटची पट्टी होती, आणि ती हातची गेली की आपण कुणीच नाही, असं त्यांच्या मनात होतं. हे ते बोलायचे नाहीत, पण संध्याकाळी गिऱ्हाईक नसतानाही केबिनचा दिवा लावून बसायचे, त्यावरून मला कळायचं.

अशात तळोज्याच्या एका मोठ्या केमिकल कारखान्याला आपले सगळे टँकर तोलून घेण्यासाठी बाहेरचा काटा ठरवायचा होता. वर्षाचं कंत्राट. नानांचं नाव यादीत होतं, कारण त्यांच्या काट्याचं वजन कधी कुणी खोटं पाडलं नव्हतं. हे कंत्राट मिळालं तर काटा राहणार, नाहीतर बिल्डर. नरेशनेही तेवढं मान्य केलं होतं.

कारखान्याच्या अटी माझ्या दुकानाच्या ईमेलवर आल्या, कारण नानांना ईमेल नव्हता. त्यातली एक अट सॉफ्टवेअरची होती. सगळी सॉफ्टवेअरं व्यवसायासाठीच्या परवान्याची हवीत. मी तडक काट्यावर गेलो.

“हाय ना परवाना,” नाना म्हणाले. “मी बोट लावलाय.”

मी पुन्हा पर्सनल, कमर्शियल, वैयक्तिक, व्यावसायिक असं सगळं पुराण लावलं. नाना मान डोलावत होते आणि त्यांच्या डोक्यात काहीही शिरत नव्हतं. शेवटी मी वैतागलो. “नाना, पांडूचा टेम्पो आठवतो? ती कंपनी म्हणते, घरचं असेल तर फुकट न्या, धंद्याचं असेल तर पैसे द्या. तुमचा पोटभाडेकरू म्हणजे पांडूचा टेम्पो आहे.”

नानांची मान डोलायची थांबली.

“म्हंजे त्या कंपनीचा कायदा माझ्यासारखाच हाय,” ते म्हणाले.

“अगदी तुमच्यासारखाच.”

“आन मी पांडू झालो.” त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. “घरचा बोलून धंदा तोलला. ते पन बोट लावून.”

मला वाटलं होतं ते हसतील. पण त्यांचा चेहरा असा पडला, की मला ती तुलना सुचली नसती तर बरं झालं असतं. त्याच दिवशी त्यांनी मला लायसन्स विकत घ्यायला लावलं. तेवढ्यावर भागलं नाही. मागच्या वर्षांचंही चुकतं करायचं, असा हट्ट धरून बसले. मी त्यांच्या वतीने कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की आम्ही आपलं सॉफ्टवेअर घरचं म्हणून धंद्याला वापरलं, तरी मागचं काय ते घ्यावं. उत्तर आलं, की आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार. पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, की आमच्या सेवेला किती तारे द्याल? नानांनी पाचही द्यायला लावले. “उत्तर तरी देतान,” ते म्हणाले.

लायसन्स घेतलं त्याच संध्याकाळी नाना पांडूच्या घरी गेले होते. काय बोलणं झालं ते मला पांडूनेच नंतर सांगितलं. नाना ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “पांडू, मी पन.” पांडूला काही उमगलं नाही, पण नाना आपल्या बरोबरीला येऊन बसल्याचा त्याला फार आनंद झाला.

कारखान्याकडून दळवी मॅडम आल्या. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांची गाडी फलाटावर चढली तेव्हा नानांनी सवयीने खिडकीतून विचारलं, “घरचा का धंद्याचा?” आणि मॅडम गोंधळून “कंपनीची आहे,” म्हणाल्या. त्यांनी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला, पावत्या पाहिल्या, नवं लायसन्स पाहिलं. काकींच्या हातचा चहा घेतला. म्हणाल्या, “नाना, ऑनेस्टली, इतका अ‍ॅक्युरेट काटा या पट्ट्यात नाही. माझ्याकडून डन आहे. एक डिक्लेरेशन तेवढं राहिलंय.”

त्यांनी लॅपटॉप वळवला. पडदा, चार ओळी, खाली दोन बटणं. मी सवयीने उठलो. नानांनी चपला काढल्या, हात पुसला, ताठ बसले. नरेश दारात उभा होता. त्याने देवाला नमस्कार करावा तसे हात जोडलेले मला दिसले.

“काय बोलतंय?” नानांनी विचारलं.

“काही नाही हो, फॉर्मॅलिटी,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या व्यवसायात आजवर कधीही विनापरवाना सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. एवढंच.”

बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

“आजवर कधीही?”

“हो.”

“मॅडम, ‘आतापासून’ लिवा. आजवर नाय.”

“तसं एडिट नाही करता येत, नाना. सिस्टिममध्ये ऑप्शनच नाहीये.”

“बाबा, लायसन घेतलाय ना आता!” नरेश दारातून म्हणाला. “दाबा ना.”

खरं सांगायचं तर मीही म्हणालो, “नाना, त्या कंपनीची तक्रार नाही. तुम्ही विचारलंत, ते आभार मानतायत.”

“कंपनीची नाय,” नाना म्हणाले. “माझी हाय. पांडूला मी उतरवला होता काट्यावरून. आता मीच वर चरून बसू?” मग मॅडमकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “बटना दोन हायेत ना? दुसरा कशाला ठेवलाय मंग?”

नानांनी माऊस सरकवला आणि ‘मान्य नाही’ दाबलं.

माझ्या सगळ्या कारकिर्दीत ते बटण दाबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते चालू असतं, हेही मला तेव्हाच कळलं. पडद्यावर आभाराची एक ओळ आली आणि खिडकी आपोआप मिटली. नरेश तडक निघून गेला. मॅडमनी लॅपटॉप बंद केला, म्हणाल्या, “मी वर बोलून बघते,” आणि आपण वर बोललो तरी काही होणार नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

कंत्राट हायवेवरच्या काट्याला गेलं. पंधरवड्याने तिथून मलाच बोलावणं आलं, प्रिंटर अडकला होता. गेलो तर एसी छान गार होता. कॉम्प्युटर उघडून पाहिला, तर ऑपरेटिंग सिस्टिमपासून काट्याच्या प्रोग्रामपर्यंत सगळं चोरीचं. तिथल्या मॅनेजरला मी सहज विचारलं, तर तो म्हणाला, “ते डिक्लेरेशन ना? फोनवर बोलता बोलता टिक केलं.” प्रिंटर दुरुस्त करून मी थंड पाणी प्यायलो आणि घरी आलो.

नानांचा काटा मात्र लगेच मेला नाही. गंमत अशी, की कारखान्याचं कुठल्या गिऱ्हाइकाशी वजनावरून भांडण झालं, की दळवी मॅडम गुपचूप टँकर नानांकडे पाठवायच्या. हायवेवरची पावती बिलासाठी आणि नानांची पावती खरं काय ते कळण्यासाठी. नाना खिडकीतून विचारायचे, “घरचा का धंद्याचा?” ड्रायव्हर म्हणायचा, “धंद्याचा.” नाना पावती फाडायचे. तेवढ्यावर काटा चालला, म्हणजे चालला असं म्हणायचं.

मग नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. महिनाभर मला काट्यावरून फोन येईल असं वाटत राहायचं. डॉक्टर म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही आणि ते मला लागतं.

नरेशने पट्टी बिल्डरला दिली. फलाट भंगारात निघाला तो पांडूने घेतला. म्हणजे नानांचा काटा टेम्पोत बसून हायवेवरच्या काट्यावर तोलला गेला. तिथे कुणी काही विचारत नाही. पण पांडू आपणहून खिडकीशी गेला आणि म्हणाला, “धंद्याचा हाय.” मॅनेजरने त्याच्याकडे वेड्यासारखं पाहिलं, असं पांडूच सांगत होता, आणि सांगताना रडत होता.

पुढे नरेश आणि काकी पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. एक दिवस नरेशचा फोन आला. आवाज मऊ होता. “आई बोलते, बाबांचा पोटभाडेकरू घरी पायजेल. लॅपटॉपवर होतोय का?”

मी गेलो. काट्यावरच्या कॉम्प्युटरमधून मी पोटभाडेकरू उचलून ठेवला होता. धंद्याचं लायसन्स संपलेलं होतं, पण आता तोलायला काही नव्हतं, आणि घरगुती वापराला ते सॉफ्टवेअर अजून फुकटच होतं. मी ते चढवायला घेतलं. तो पडदा आला, दोन बटणं आली, आणि मी सवयीने खुर्ची सोडून उभा राहिलो. यायला कुणी नव्हतं. नरेशने हात पुढे केला.

“थांब,” काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पदराला हात पुसत आल्या, खुर्चीत बसल्या. त्यांनी आयुष्यात माऊस धरला नव्हता. मी त्यांचं बोट बटणावर ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “घरचा का धंद्याचा?”

“घरचा, काकी.”

“नक्की?”

“नक्की. आता घरचाच.”

त्यांनी बटण दाबलं. बाकीचं मी चढवलं आणि काट्याच्या जुन्या प्रोग्रामचा निळा पडदा उघडला, वर नानांचं नाव, खाली वजनाच्या जागी शून्य. काकींनी पदराने त्या शून्यावरची काच पुसली.

“आता बराबर हाय,” त्या म्हणाल्या.